जालन्यापुढचा कोरा नकाशा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर ते आईपर्यंत गेलं असतं – आणि मग मी आईसमोर कुठल्या तोंडाने बसलो असतो?

नाशिकला आमच्या कॉलनीत पहिली इलेक्ट्रिक गाडी माझी. लांबच्या प्रवासाची आखणी करणं हा माझा शौकच झाला. कुठे चार्जर आहे, कुठला कायम बंद असतो, घाटात बॅटरी किती उतरते – सगळं वहीत लिहिलेलं. लोक फोन करून विचारायचे आणि मी फुशारून सांगायचो. त्यामुळे रस्ता ठाऊक नव्हता, ही सबबही मला नाही.

माझे मामा मूळचे सिन्नरचे. शिक्षक म्हणून मेहकरजवळच्या एका गावी गेले नि तिथलेच झाले. दर भाऊबीजेला एसटीने आईकडे यायचे. मग त्यांचं हृदय थकलं, प्रवास बंद झाला. आईची कंबर एसटीत बसू देत नाही. ती म्हणाली, "यंदा मीच जाते दादाकडं. तुझी गाडी हाय ना आता."

किती साधं मागणं. पण त्याच सुट्टीत आम्हा चार मित्रांचं तारकर्लीचं ठरलं होतं. तसं सांगायला काय हरकत होती? भाड्याची गाडी करून देता आली नसती का? पण मला नाही म्हणायचं नव्हतं – वाईटपणा नको होता. मी फोन घेऊन तिच्याशेजारी बसलो. नकाशावर फक्त वेगाने चार्ज करणारे चार्जर दिसतील असं केलं. मेहकरच्या हॉटेलातला चार्जर, जरा हळू चार्ज करणारा, त्यातून गायब झाला. जालन्यापुढे सगळं कोरं. "बघ," म्हटलं, "पुढे काहीच नाही. मध्येच बंद पडलो तर?"

तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे. तू तरी काय करणार." माझीच समजूत काढली तिने. हे लिहितानाही लाज वाटते.

तिने मामांना फोन लावून तेच सांगितलं. मामांनी मला फोनवर बोलावलं. घरच्या विजेवर गाडी चार्ज होत नाही का, असं विचारलं. होते – रात्रभर लावली की होते. मी म्हणालो, "होते मामा, पण एसीला असतो तसला मोठा प्लग लागतो. तुमच्याकडे कुठला असणार?" आणि विषय संपवला.

भाऊबीजेला मी समुद्रावर होतो. आईने उशीला फोन टेकवला आणि व्हिडिओ कॉलवर मामांना ओवाळलं. बायकोने मला नंतर सांगितलं.

माघात मामा गेले. आम्ही भाड्याच्या डिझेल गाडीने गेलो. माझी कशी नेणार? जालन्यापुढे ती जात नाही ना.

मामांच्या ओट्यावर, भिंतीला नवाकोरा मोठा प्लग होता. धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांधलेली. मी बघतोय हे पाहून मामी म्हणाल्या, "तुझ्या गाडीसाठी बसवला रे त्यांनी. तीनदा वायरमनकडं गेले. म्हणायचे, पुढच्या भाऊबीजेला सुमनला यायची अडचण नको."

सुमन म्हणजे माझी आई. ती पुढे आली, त्या पिशवीवरून हात फिरवला. मामींना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "ह्याचा काय इलाज नव्हता गं वहिनी. लय मन होतं ह्याचं यायचं. मी सोता पाह्यलं नकाशात, काहीच नव्हतं." आणि माझ्याकडे वळली. "नव्हतं ना रे?"

मी म्हणालो, "नव्हतं."