देवरे त्या दुपारी आमच्याकडे होता

देवरे गेल्याचं मला ऑफिसमधल्या फोनवर कळलं. सिल्वासाहून आमच्या जुन्या घरमालकांचा, नटुभाईंचा फोन होता. सकाळच्या पाळीला निघताना बूट घालायला तो पायरीवर बसला आणि बसल्या जागीच गेला, एवढंच ते म्हणाले. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी लगेच निघायला हवं होतं, पण वर्षअखेरीची तपासणी होती, साहेब नको म्हणाले आणि मीही फारसा हट्ट धरला नाही. गेलो तो थेट तेराव्याला.

प्रभाकर देवरे सटाण्याकडचा, मी पुण्याचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिल्वासात नवे नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा आम्ही दोघं थोड्याच दिवसांच्या अंतरानं तिथं आलो. तो जवळच्या सायली गावातल्या एका सुताच्या कारखान्यात बॉयलरवर फोरमन, मी शेजारच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. नटुभाईंच्या ओळीनं बांधलेल्या खोल्यांमध्ये आमची भिंत एकच होती. धुळे-नंदुरबारकडून कामाला आलेली पोरं एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ राहायची. त्यांना इथं ना कुणी ओळखीचं ना नात्याचं. यंत्रात कुणाचा हात सापडला, कुणाला कावीळ झाली की पोरं देवरेच्या दाराशी यायची. "काय शे भो, जेवना का?" असं अहिराणीत विचारून आधी तो त्यांना बसवायचा आणि मग शर्ट अंगात घालायचा. पुढं आम्ही पाच-सहा जणांनी मिळून एक मंडळ काढलं, पण खरं सांगायचं तर मंडळ म्हणजे देवरेच. कामावर कुणी दगावलं तर मृतदेहाबरोबर टेम्पोत बसून त्याच्या गावापर्यंत जायचा तोच. आम्ही बाकीचे हळहळायचो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जायचो.

असा माणूस घरात नसतोच, असं कुणालाही वाटेल. पण सुमनवहिनींना सकाळचं पाणी त्यानं कधी भरू दिलं नाही. पाळीवरून आला की बनियनवर ओट्याशी उभा राहून तो कणीक मळायचा आणि वहिनी शेजारी बसून दिवसभराचं सांगायच्या. भिंतीपलीकडून आम्हाला दोघांचं हसू ऐकू यायचं. वैशू, त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. रविवारी सायकलच्या दांड्यावर बसवून तो तिला दुधनीच्या वाटेला घेऊन जायचा, धरणाचं पाणी दाखवायला. येताना हँडलला कोळ्यांनी दिलेली मासळी लटकलेली असायची.

एका वर्षी दिवाळीत आमची सगळी ओळ रिकामी झाली होती. जो तो आपापल्या गावी गेला होता. आम्ही थांबलो होतो, कारण शैलाला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता आणि भाऊबीज झाली की तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. देवरे थांबला होता, कारण वैशूला ताप होता. हे मला ठाऊक होतं... आदल्या दिवशी वहिनींनी मीठभाकर ओवाळून टाकताना मी पाहिलं होतं. पाडव्याच्या दुपारी शैलाला एकदम रक्तस्राव सुरू झाला. मी देवरेचं दार वाजवलं. कारखान्याची मॅटडोर गाडी सुट्टीत त्याच्या ताब्यात असायची. त्यानं एकदा आत वळून पाहिलं, वहिनींशी काहीतरी बोलला आणि किल्ली घेऊन बाहेर आला. वापीला दवाखान्यात शैलाला आत नेलं, रक्त लागेल म्हणाले, देवरेचं जुळलं, त्यानं दिलं. मुलगी झाली. मूठभर जीव. डॉक्टर म्हणाले, दोघींचंही रात्रीपर्यंत काही सांगता येत नाही. संध्याकाळी देवरे उठला, म्हणाला, जरा घरी जाऊन येतो. मी त्याचा हात धरला.

"नको जाऊ," मी म्हणालो. "मला एकट्याला नाही जमायचं हे."

 तो परत बाकावर बसला. वैशू कशी आहे, हे मी विचारलं नाही. मला सुचलंच नाही.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मग बरेच दिवस फिरकला नाही, तेव्हा मला थोडा रागच आला होता. वाटलं, गेला असेल गावी, सांगून तरी जायचं. शैला आणि बाळ तिथूनच पुण्याला गेली. त्यांना सोडून मी परत आलो, तेव्हा वैशू पायरीवर बसली होती, वाळलेली, केस बारीक कापलेले. तापात तिचा डावा कान गेला, असं देवरेनं सांगितलं. मी हळहळलो. कुठला ताप, कधी चढला, हे ना मी विचारलं ना त्यानं सांगितलं.

त्यानंतर दर नोव्हेंबरात आमच्या ऋताचा वाढदिवस यायचा. देवरे, वहिनी आणि वैशू न चुकता यायचे. वहिनी घरून शिरा करून आणायच्या आणि ऋताला ओवाळायच्या. देवरे तिला उचलून घ्यायचा, म्हणायचा, हिच्या अंगात माझं रक्त आहे, ही सटाण्याकडची झाली. सगळे हसायचे. वैशूसुद्धा. आम्ही सिल्वासा सोडलं तोवर हे असंच चाललं होतं.

तेराव्याला नटुभाईंच्या अंगणात माणसं मावत नव्हती. खानदेशातली पोरं होती, शेजारच्या गलोंडा गावचे कामगार होते, दुधनीहूनही माणसं आली होती. चार शब्द बोला, असं मंडळाच्या लोकांनी मला सांगितलं. मी पाडव्याचा दिवस सांगितला. किल्ली घेऊन तो कसा बाहेर आला, रक्त कसं दिलं, घरी निघालेला माणूस माझ्या एका शब्दावर रात्रभर बाकावर कसा बसून राहिला... मला चांगलं बोलता येतं. लोक डोळे पुसत होते. सुमनवहिनी मधेच उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

परतताना वैशू मला एसटी स्टँडवर सोडायला निघाली. आता ती कॉलेजात आहे. तिनंच विषय काढला, अगदी सावकाश, जणू मला लागू नये म्हणून.

"काका, ते भाषण परत कुठं करू नका. आईला त्रास होतो."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तिला झटके आले. गावातले डॉक्टर दिवाळीला गेलेले, ओळीत चिटपाखरू नाही, गाडी वापीला. वहिनी तिला खांद्यावर टाकून रस्त्यावर आल्या, हात करत उभ्या राहिल्या, पण सणाच्या दिवशी रस्ता ओस पडलेला. सकाळी देवरे आला आणि तिला घेऊन वलसाडला धावला. मेंदूज्वर होता. आदल्या दिवशी आणलं असतं तर कान वाचला असता का, हे तिथल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माझ्याकडं हे कधी बोलायचं नाही, असं देवरेनं वहिनींना बजावून ठेवलं होतं. वैशू दहावीत गेल्यावर त्यानं तिला समोर बसवून स्वतःच सगळं सांगितलं आणि तिची माफी मागितली.

"मी वर्षभर बोलत नव्हते त्यांच्याशी," वैशू म्हणाली. "आई तर कितीतरी आधी, मी लहान असतानाच. तुम्हाला भिंतीतून ऐकू आलं नसेल, कारण ती भांडायची नाही, फक्त गप्प राहायची. पण ऋताच्या वाढदिवसाला जायचंच, हे तिचंच म्हणणं होतं."

आम्ही स्टँडजवळच्या मोठ्या रस्त्याला लागलो. कारखान्यांचे ट्रक अंगाला घासून जात होते. मी तिच्या उजवीकडून चालत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "बाबा इथं आलं की डावीकडं यायचे. मला त्या बाजूनं मागून येणारी गाडी कळत नाही ना. बोलायचं असलं की उजवीकडून, आणि गर्दी लागली की डावीकडून, गप्प."

मी वळसा घालून तिच्या डावीकडे गेलो. त्या जागेवरून वर्षानुवर्षं देवरे चालला होता. थोडं अंतर आम्ही तसेच गेलो, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "वैशू, मला माफ कर."

ती समोर बघत चालत राहिली. तिला ऐकू आलं नव्हतं. एवढ्याशा अंतरात उजवीकडे जाऊन मला तेच पुन्हा म्हणता आलं असतं. मी गेलो नाही. ट्रक येत होते, मी तिच्या डाव्या बाजूनं चालत राहिलो.