जंतूंचा शेजारधर्म

आज दुपारी माणगावच्या आमच्या लॅबमध्ये हमीदाखाला लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट न्यायला आल्या. लघवीत सापडलेल्या जंतूवर पाच औषधं निकामी होती.

"यातलं एकच औषध मी घेतलेलं. बाकीची नावंसुदा म्हायत न्हाय. मग जंतूला कशी म्हायत?"

वीस वर्षं मी हे जंतू बघतोय, तरी उत्तर देताना अंगावर काटा आला. जंतूला सगळं स्वतः शिकावं लागत नाही. औषध पचवण्याची युक्ती त्याला शेजारचा जंतू देतो. देणाऱ्याकडे एक प्रोटीन असतं. त्याचा एक भाग, या सगळ्या युक्त्या लिहिलेल्या डीएनएच्या दुहेरी पिळातला एक धागा नेमक्या जागी कापून टोक धरून ठेवतो, दुसरा भाग पीळ सोडवत जातो. काही मिनिटांत धागा शेजाऱ्याच्या पोटात, आणि देणाऱ्याकडे त्याची प्रत शाबूत. ना डोळे, ना मेंदू.

"आणि आपण गोळ्या अर्धवट सोडल्या," मी म्हटलं, "की साधे जंतू मरतात, हे वाटेकरी उरतात."

खालांनी पर्समधून मुलाने कुवेतहून आणलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"जावेला द्यायला निघाले होते. तिलापण जळजळ हाय."

तुमच्या घरातली अर्धी पट्टी कोणासाठी ठेवलीय?