पुंडलिकचं न चमकणारं वार्निश

पुंडलिक गेल्याचं मला कुंभारवाड्याच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं, तिकीट फाडता फाडता. त्याला आता महिना होत आला. खरं तेच लिहितो : ऐकल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटायला थोडा वेळ लागला…

मी जोयड्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि पुंडलिक सुतार होता. धरणात बुडालेलं जुनं सुपा गाव त्यानं लाकडात बारीक करून घडवलं. बाजाराची गल्ली, विहीर, वितीएवढी घरं. डिप्लोमा माझ्याकडे होता, पण माझ्या चित्रांपुढे कुणी थांबत नसे. त्याच्या त्या गल्लीपुढे म्हातारी माणसं वाकून आपलं दार शोधायची, सापडलं की बोट लावायची. ते बोट बघून माझ्या पोटात दुखायचं.

सगळी करामत रंगावर मारायच्या शेवटच्या हातात होती. बाजारातलं वार्निश चमकतं, आणि चमकलं की घराचं खेळणं होतं. पुंडलिक साध्या वार्निशमध्ये टर्पेंटाइन आणि वस्त्रगाळ शंखजिऱ्याची पांढरी पावडर घालून असं काही मिसळायचा, की वर लेप आहे हे डोळ्यांना कळू नये आणि बोटानं रंग निघू नये. पावडर किती, हे तो मापानं नाही, काडीवरून थेंब कसा ओघळतो त्यावरून ठरवायचा.

तालुक्याच्या प्रदर्शनात एका पाहुण्यानं विचारलं, ‘‘हे चमकत कसं नाही?’’ पुंडलिक चहा आणायला गेला होता. मी म्हणालो, ‘‘ते मिश्रण माझं आहे.’’ मागे वळलो तर तो दोन कप घेऊन उभा. पाहुण्याला म्हणाला, ‘‘व्हय, मास्तरांचंच हाय. आमी नुसता ब्रश मारतो.’’ परतताना मात्र डोळे मिचकावून म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचं वार्निश मला बी थोडं द्या की!’’ मी हसलो नाही.

पुढे रामनगरकडचे हौशी लोक माझ्याकडे बाटल्या मागू लागले. मी त्या पुंडलिककडून भरून आणायचो आणि माझ्या म्हणून द्यायचो. दरवेळी तो म्हणायचा, ‘‘शिकून घ्या, मास्तर. अर्ध्या तासाचं काम हाय.’’ मी नाही शिकलो. शिकलो असतो तर तो माझा गुरू ठरला असता… एवढंच कारण. अशी बरीच वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, शांतावैनींना, सगळं सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

‘‘असं कसं? ते सोता सांगायचे, मास्तरांनी शिकवलं म्हणून.’’

‘‘तुम्हाला? घरात?’’

‘‘घरात, पावण्यारावळ्यांत, सगळीकडं. गेलेल्या माणसाला मोठं करताय तुमी. मन मोठं हाय तुमचं.’’

माझं खोटं त्यानं स्वतःच्या चुलीपाशीसुद्धा सांभाळलं होतं. खरं सांगायला आलो, तर मोठेपणा पुन्हा माझ्याच पदरात. आणि इतक्या शरमेतही मला त्याचा हेवाच वाटला, की हे मला कधी जमलं नसतं.

मी म्हणालो, ‘‘वैनी, सामान काढा.’’

त्याच्या पडवीतल्या ठोकळ्यावर बसून मी वार्निश ओतलं, टर्पेंटाइन घातलं, पावडर अंदाजानं टाकली. काळा रंग दिलेली एक फळी तिथं पडली होती, तिच्यावर हात मारला आणि ती उन्हात ठेवली. वैनींनी जेवायला वाढलं. जेवून येईपर्यंत फळी वाळत आली होती.

वैनींनी ती उजेडात धरली. फिरवून फिरवून पाहिली.

‘‘मास्तर, हे तर पीठ सांडल्यावानी झालंय.’’

‘‘मला येत नाही, वैनी. कधीच येत नव्हतं.’’

मग पुंडलिकचे ब्रश थोडे सरकवून त्यांनी ती पांढरी पडलेली फळी भिंतीला टेकवून उभी केली.

‘‘ऱ्हाऊ दे हितंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वार्निश कुणाचं म्हणून कुणी इचारलं, तर दावीन.’’