गार खोलीतले जॉइंट

अंधेरीत मी स्वेटर घालून काम केलंय, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ज्या खोलीत आम्ही जिप्सम बोर्डाच्या भिंती करत होतो, तिच्या शेजारी कंपनीची कॉम्प्युटरची मोठी मशिनं आधीच चालू होती. त्यांच्यासाठी सोडलेली गार हवा दिवसभर आमच्याही अंगावर यायची. मशिनांना उकडता कामा नये. माणसांना कोण विचारतो?

आम्ही म्हणजे मी आणि माझा दादा. दोन बोर्डांमधल्या फटीवर टेप लावायची आणि वरून पुट्टीचे हात मारून ती अशी मिटवायची की भिंत अखंड वाटली पाहिजे, हे आमचं काम. बोर्ड ठोकणारे पुष्कळ मिळतात. दादासारखा जॉइंट मिटवणारा कांदिवलीपासून पार्ल्यापर्यंत नव्हता, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. पुट्टीचा पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नसतो. वरून पांढरा दिसला तरी आतून ओला असलेला जॉइंट बोटांना गार लागतो. दादा डोळे मिटून जॉइंटवरून बोटं फिरवायचा, ‘मार’ म्हणायचा, की मी पुट्टी ओढायचा पत्रा उचलायचो. त्या बोटांवर आमची दोन्ही घरं चालायची.

त्या खोलीत त्याचं चुकायला लागलं. तो ‘मार’ म्हणाला, मी मारला, आणि थोड्याच दिवसांत भिंतभर केसासारख्या चिरा. खरवडून पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला की म्हाताऱ्याला आता घरी बसव, दुसरा माणूस आण. माझं डोकं फिरलं. दादा मात्र शांत होता. इथे सगळंच गार लागतं, त्यात ओलं काय नि सुकं काय कळणार, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. मलाही तिथे हात लावून काही कळत नव्हतं.

मग मी सुपरवायझरच्या मागे लागलो. भांडलो, हातापाया पडलो, आणि रविवारपुरती आमच्या खोलीतली हवा बंद करून घेतली. गरम खोलीत दादाचा हात काय आहे ते त्याला दाखवायचंच होतं मला. दादाला आधी बोललो नाही. म्हटलं, आला की खूश होईल.

रविवारी दुपारपर्यंत खोली चांगली तापली. मी बनियनवर आलो. दादाने आदल्या दिवशीच्या जॉइंटवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि ‘मार’ म्हणाला. पत्रा उचलता उचलता मी सहज हात टेकवला. बाजूचा बोर्ड कोमट होता. जॉइंट ओल्या फडक्यासारखा गार होता.

“दादा, हा ओला आहे.”

त्याने पुन्हा बोट ठेवलं आणि दाबलं. बोट पुट्टीत रुतलं, तरी तो दाबतच राहिला. त्याला ते कळलंच नव्हतं. मग त्याने डोळे उघडले, बोटाकडे बघितलं, आणि वर हवा यायच्या जाळीकडे.

“एसी बंद करायला कुणी सांगितलं रे तुला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. साखर त्याला कित्येक वर्षांची, ती बोटांत उतरली होती. गणपतीला गावी गेला होता तेव्हापासून टोकं बधिर होती. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. हे त्याने मला तेव्हा सांगितलं; वहिनीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तेवढी एक थंडी होती त्याच्याकडे कारण म्हणून दाखवायला, ती मी भांडून घालवली.

सोमवारी हवा पुन्हा सुरू झाली. आम्ही स्वेटर घातले. मी नखाने जॉइंटचा कोपरा उकरून बघत होतो. दादा माझ्या मागे पत्रा घेऊन उभा होता.

“मारू?” त्याने विचारलं.