धन्याला बोलवा

दगडूनानांना मी बसलेलं क्वचितच पाहिलं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माझा रेडिओ लागला, की गाव मांडी घालून बातम्या ऐकायचं आणि नाना एकटेच येरझाऱ्या घालायचे. कमरेला कोंडवाड्याच्या किल्ल्या. त्यांच्या खुळखुळाटात निम्म्या बातम्या बुडायच्या. कुणी वैतागून "नाना, बूड टेका की जरा" म्हटलं, तर म्हणायचे, "साक्षीदारानं बसू न्हाई. कवा पुकारा हुईल, काय नेम?"

सोनईच्या अलीकडच्या त्या खेड्यात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा या पुकाऱ्याची भानगड मला ठाऊक नव्हती. हळूहळू कळली. महायुद्धात नाना फौजेत होते. सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या कैदेत सापडले. छावणीत त्यांचे सोबती उपासमारीनं आणि मारानं डोळ्यांदेखत गेले. युद्ध संपल्यावर खटला उभा राहिला. नानांनी साक्ष दिली, बोट दाखवून पहारेकरी ओळखला आणि त्याला फाशी झाली. मारायला लावणारा मोठा साहेब मात्र कधी कोर्टात आलाच नाही. तो सुखरूप आपल्या घरी पोचला म्हणे.

"त्यो पहारेकरी वरडून सांगत हुता, हुकूम हुता म्हनून," नाना सांगायचे. "खराच हुता की! आमी कानांनी ऐकल्याला. पर हुकूम कुनाचा, ह्ये मला कुनी इच्यारलंच न्हाई. माझ्या बोटानं गडी गेला, मास्तर. धनी राह्यला."

बांगलादेशची लढाई संपली आणि तिथं कत्तली करवणाऱ्या शे-दोनशे पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर खटले चालणार, असं रेडिओनं सांगितलं. झालं! नानांनी ट्रंकेतला फौजी कोट काढला, बटणं चिंचेनं घासून लखलखीत केली आणि नगरला कलेक्टरकडे जायचं म्हणून माझ्या मागं लागले. मी म्हटलं, "नाना, तुम्ही कुठं होता तिथं?"

"न्हवतो. पर साक्षीदाराला काय इच्यारायचं, त्ये तर सांगीन! मरायच्या आत एक धनी पिंजऱ्यात हुबा बघायचाय मला."

म्हातारा हट्टी होता. कोंडवाड्यातही तेच. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं तिथं कोंडायची आणि मालकानं दंड भरला की सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण गड्याच्या हाती दंड आला, तर नाना घेत नसत. "ढोराला काय कळतंय? धन्याला बोलवा," हे ठरलेलं वाक्य. लोक चिडायचे, पण यायचे.

बहात्तरच्या दुष्काळात काशीबाई नावाच्या विधवेनं विहिरीच्या तळातलं पाणी शेंदून वाफाभर कडवळ जगवलं होतं. तिच्या एकुलत्या एक गाईचा तेवढाच चारा. भर दुपारी सरपंचांचे बैल त्यात शिरले आणि वाफा साफ झाला. नानांनी बैल आणून कोंडले. सरपंचांचा सालगडी रामा दंड घेऊन आला. मी तिथंच होतो.

"बैल कुनी सोडलं?"

"म्या सोडलं, नाना. चुकी माझी."

"हुकूम कुनाचा?"

रामा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. दुष्काळात सालाची चाकरी गेली असती तर पोरंबाळं कुठं नेणार होता तो?

"मंग धन्याला बोलीव."

धनी आले नाहीत. ग्रामसेवक आला, पंचायतीचा माणूस म्हणून. त्यानं किल्ली मागितली. नानांनी त्यालाही विचारलं, "हुकूम कुनाचा?" तो चपलांकडे बघत पुटपुटला, "वरचा." बैल गेले. काशीबाईनं गाय बाजारात नेली. त्या दिवसापासून नानांच्या येरझाऱ्या अशा वाढल्या, की बघणाऱ्यालाच धाप लागावी.

पुढं दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, रेडिओवर बातमी आली. करार झाला होता. बांगलादेशानं त्या अधिकाऱ्यांना माफी दिली होती. खटला न चालता ते मायदेशी जाणार होते. किल्ल्यांचा आवाज थांबला म्हणून मी वर पाहिलं, तर नाना ओट्याच्या पायरीवर बसले होते.

"म्हंजी पुकारा न्हाईच व्हनार," ते म्हणाले.

लढाया थांबायच्या तर माफ करावंच लागतं, असं काहीबाही मी समजावलं. माझं मलाच ते पटत नव्हतं. नानांनी ऐकून घेतलं. "आसंल बाबा. पर माफ करायला आदी गुन्हा तरी कबूल करून घ्यावा का न्हाई?"

ती दिवाळी त्यांना दिसली नाही. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन म्हाताऱ्याची इच्छा पुरी करायचा शब्द देऊ लागला. पुतण्या म्हणाला, घर सांभाळीन. मी म्हणालो, कोट जपून ठेवीन. सरपंचही आले होते. ते म्हणाले, कोंडवाड्याला नवं दार बसवू. कावळे बाभळीवर ढिम्म बसून होते.

तेवढ्यात मागून रामा पुढं आला. अजून सरपंचांच्याच चाकरीत होता. हात जोडले, पिंडासमोर उभा राहिला. तो बोलला ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाना, काशीबाईच्या कडवळात बैल म्या सोडलं. हुकूम मालकाचा हुता."

कावळा नेमका कधी शिवला, ते मला सांगता येणार नाही. पिंडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं; सगळं गाव सरपंचांकडे बघत होतं.