डॉक्टरांचा ‘नाही’

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला की ‘नाही’ येणार हे ठरलेलं. “नाही जमणार. भाई, सांगा त्याला.”

सांगायचं काम माझं. नव्वदच्या दशकातलं ओमानमधलं दुक्म म्हणजे वाळू, मासेमारांची वस्ती आणि आमचा दोन खोल्यांचा दवाखाना. मी रत्नागिरीकडचा, तिथे कंपाउंडर. डॉक्टरांना अरबी येत नसे, म्हणून त्यांची जीभही मीच.

काचबिंदू झालेला एक म्हातारा मासेमार यायचा. डॉक्टर म्हणायचे, “इथे इलाज नाही. आजच मस्कतला जा म्हणावं.” त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ वळायची नाही. मी नुसतं “इन्शाल्ला”, देवाच्या मनात असेल तर, एवढंच म्हणायचो. तो डॉक्टरांच्या कपाळाचा मुका घ्यायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

“तोंडावर नाही म्हणतो, तरी माणसं जीव टाकतात,” डॉक्टर भारावून म्हणायचे. “लोकांना खरं बोललेलं आवडतं, भाई!”

तुम्ही राजकारणात येण्याची पुष्कळ कारणं पाहिली असतील. आमचे डॉक्टर माझ्या चुकीच्या भाषांतरामुळे आले. कोकणात परतून विधानसभेला उभे राहिले, पहिल्याच सभेत रस्ता मागणाऱ्यांना “नाही जमणार” म्हणाले आणि सपाटून पडले.

मीही तोवर गावी परतलो होतो. त्यांच्या ओसरीवर बसून सगळं कबूल केलं. “साहेब, दुक्ममध्ये तुमचा ‘नाही’ कुणाच्या कानावर गेलाच नाही. तो म्हातारा वाट बघत आंधळा झाला.”

मला वाटलं, आता शिव्या देतील.

“इन्शाल्लाला मराठीत काय म्हणायचं, भाई?”

“बघू या, साहेब.”

पुढची निवडणूक ते ‘बघू या’वर जिंकले. आमच्या गावच्या आरोग्य केंद्राला डॉक्टर नव्हता. मी पाच वेळा अर्ज घेऊन गेलो. पाचही वेळा साहेब गोड हसले. त्या हसण्याचा अर्थ अख्ख्या मतदारसंघात मला एकट्यालाच कळत होता.

ते गेले. शोकसभेत जो उठे तो म्हणे, “साहेबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.” मीही मान डोलावली. खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

सभा संपल्यावर एक म्हातारी डोळ्यावर पदर धरून माझ्यापाशी आली. “भाई, तुम्ही साहेबांचे माणूस. केंद्रात डॉक्टर येईल ना आता? डोळा दाखवायचाय.”

‘बघू या’ ओठांवर आलं होतं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नाही येणार, मावशी. आजच रत्नागिरीला जायचं. चला, मी येतो.”