मास्तरांचा विश्राम

मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने शिट्टी परत घेतली, आवाज मात्र त्यांच्याकडेच राहिला. हयातभर कवायत शिकवलेला हा माणूस दारात आलेल्या दूधवाल्यालाही आधी सावधान उभा करायचा. स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. जेवताना पाय हलायचे, झोपेत तर ते चक्क चालायला लागायचे, अशी तक्रार पलंगाच्या दुसऱ्या बाजूने कायम येत असे. "यांची अक्कल गुडघ्यात आहे, म्हणून तो थांबत नाही," हे पत्नीचं निदान.

तोच गुडघा सुनेच्या कामी आला. सून रुग्णालयात एमआरआयच्या यंत्रावर कामाला होती. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पातळ थर असतो. चित्रावरून त्याची जाडी मोजायचं एक मोठं काम तिच्या विभागाला मिळायच्या बेतात होतं. अट एकच होती. एकाच गुडघ्याची दोनदा तपासणी करायची आणि दोन्ही मापं जुळली पाहिजेत. नाही जुळली, तर काम दुसरीकडे. सुनेने या कामासाठी डोळ्यांत तेल घालून सराव केला होता. धडधाकट गुडघा हवा असं तिने म्हणायचा अवकाश, मास्तरांनी घरातच विजार वर सारली.

पहिली तपासणी छान झाली. यंत्र ठकठक करू लागलं तसा त्या तालावर पाय आपटायचा मोह झाला, पण सुनेच्या शब्दाखातर त्यांनी तो गिळला. बाहेर आल्यावर तिने बजावलं, "बाबा, आता दुसऱ्या तपासणीपर्यंत फक्त विश्राम."

घोटाळा इथेच झाला. सुनेच्या विश्रामात खुर्ची होती. मास्तरांच्या विश्रामात ती कधीच नव्हती. पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून ते बाहेरच्या व्हरांड्यात ताठ उभे राहिले. समोर बाकावर रुग्णांचे नातेवाईक खांदे पाडून बसलेले. तो देखावा त्यांना बघवेना. थोड्याच वेळात सगळी रांग उभी होती, मास्तर पुढे होऊन बैठका मारत होते आणि दारावरचा रखवालदार टोपी सावरत आकडे मोजत होता. सुनेसाठी गुडघा जरा तरतरीत करून द्यावा, एवढाच त्यांचा शुद्ध हेतू.

दुसऱ्या मापात थर पातळ आला. सुनेने चित्रावरची कड पुन्हा आखली, तरी तेच. विभागप्रमुख बाईंनी चष्मा काढून ठेवला. सून हळूच म्हणाली, "माझाच हात चुकतोय बहुतेक." तिचे डोळे भरलेले पाहून मास्तरांचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला.

"पोरी, हात नाही चुकला तुझा. मी बैठका मारल्या."

"बाबा, विश्राम घ्या म्हटलं होतं ना?"

"घेतला की. उभं राहून घेतला. मग मारल्या."

प्रमुख बाईंना हसू आवरेना. बैठकांनी कूर्चा स्पंजासारखी दबते, बसून राहिलं की पुन्हा फुगते, असं त्यांनी समजावलं. एवढासा दाबही सुनेच्या मापात सापडला होता. "मास्तर, तिने तुमची चोरी पकडली," त्या म्हणाल्या. पण जुळवून दाखवायचं अजून बाकी होतं, तेव्हा पुरेशा विश्रांतीनंतर पुन्हा तपासणी ठरली.

पहाऱ्याला घरून मास्तरांच्या पत्नीला बोलावलं. तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या मांडीवर आपली जड पिशवी ठेवली आणि शेजारी ठाण मांडलं. मास्तरांच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड कवायत. रखवालदार येता-जाता कीव करून बघत होता.

या खेपेचं माप पहिल्याशी अगदी नखभरही फरक न पडता जुळलं. सून पडद्याकडे बघतच राहिली, मग धावत बाहेर येऊन तिने सासूला मिठी मारली. काम आपल्याकडेच, असं प्रमुख बाईंनी दारातूनच सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या की खात्रीसाठी अजून एक फेरी घेऊ, मास्तरांनी उठू नये.

उडी मारायला निघालेल्या मास्तरांना पत्नीने पिशवीसकट खाली दाबलं. मग त्यांनी कमरेच्या वरचा तेवढा आनंद साजरा केला.